फ्रिजमधली सफरचंदं

आखातात अब्बांचा व्हिसा त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या हातात होता, आणि अम्मीचा नि माझा अब्बांच्या व्हिसावर. अर्बाब बांधकाम-सामानाचं दुकान बंद करत होता. अब्बा तिथे पिकअप चालवायचे. व्हिसा आता वाढणार नाही, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कॉलेज अर्ध्यात सोडून गावी रत्नागिरीला परत गेल्यावर पुढे काय करायचं असतं, हे विचारायला घरात कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात अर्बाबच्या बायकोचा अम्मीला फोन आला. अम्मी दर ईदला त्यांच्या घरी सांदणं पाठवायची, तेवढीच ओळख. त्यांच्या मुलीचा निकाह होता. बायकांच्या मेजवानीला त्यांना काडीला लावलेली सफरचंदं हवी होती, लाल साखरेच्या चकचकीत कवचाची, वर सोनेरी मणी, खाली रिबन. त्यांनी फोटोही पाठवला. अम्मीने असलं काही कधी केलं नव्हतं, तरी ती "होईल" म्हणाली.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "चिक्कीचा पाक येतो मला. हे त्याहून वेगळं काय असणार? आणि त्या बाईने घरात एक शब्द टाकला तर..."

पुढचं ती बोलली नाही. पण त्यानंतर आम्ही दोघी त्या अर्ध्या वाक्याच्या आधारानेच दिवस काढत होतो.

मेजवानीच्या आदल्या दुपारी आम्ही बसलो. गरम पाण्यात बुडवून मी सफरचंदांवरचं मेण पुसून काढलं. अम्मी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायची आणि बोटांनी मोडून बघायची. तो काचेसारखा कटकन तुटला तेव्हा तिने लाल रंग घातला. सफरचंदं खरंच सुंदर झाली, फोटोतल्यापेक्षा सुंदर. मग अम्मीने ती सगळी जपून फ्रिजमध्ये ठेवली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वादी अदाईतल्या आमच्या घरात रवा, बेसन, मसाले सगळं फ्रिजमध्येच राहतं. बाहेर राहिलेलं टिकत नाही, हे इथे आल्यापासून आमच्या अंगात भिनलेलं.

सकाळी फ्रिज उघडला तर ताटात लाल पाणी साचलेलं. कवच विरघळून चिकट झालं होतं आणि मणी घसरून देठापासून बुडाशी आले होते.

अम्मी ओट्याला टेकून खाली बसली. "गेलं गो बाय. सगळं गेलं."

मी मोबाईलवर शोधलं. फ्रिजच्या ओलाव्याने साखरेला पाणी सुटतं. त्यांना कोरडी हवा लागते. आमच्याकडे एसी एकाच खोलीत होता, आणि तिथे अब्बा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. व्हिसाचं कळल्यापासून ते जेवायला तेवढे बाहेर येत.

मी दारात उभी राहिले. "अब्बा, उठता का? खोली हवीय."

"कशाला?"

"सफरचंदांना."

ते वळले. "वा. माझ्याआधी त्यांची सोय झाली म्हणायची."

पण ते उठले. मी सफरचंदं धुवायला घेतली तशी ते न सांगता शेजारी येऊन एकेक पुसू लागले. अम्मीने पुन्हा पाक चढवला. घाईत माझ्या बोटावर पाक सांडला. मी हात नळाखाली धरला, तेव्हा अम्मीचं लक्ष पातेल्यावरच होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मीही तिथेच बघत होते. यावेळी सफरचंदं अब्बांच्या पलंगावर, एसीत, दार बंद करून सुकवली.

मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाच्या आत आम्ही अमेरातला अर्बाबच्या घरी पोचलो. पिकअपचा एसी पूर्ण सोडला होता आणि अम्मी नि मी मांडीवर ताटं घेऊन, अब्बा स्टिअरिंग धरून, तिघंही कुडकुडत होतो. अब्बा गाडीतच थांबले. दारात अर्बाबच्या बायकोने, मॅडमनी, एक सफरचंद उचलून उजेडात धरलं. "ज़ैन. बहोत ज़ैन," म्हणजे फार छान, असं त्या हसून म्हणाल्या, आणि ताट आत नेणार इतक्यात अम्मीने मला कोपराने ढोसलं.

मी इंग्रजीत वाक्यं पाठ करून आले होते. त्यातलं एकही आठवलं नाही. मोडक्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, अब्बा का वीज़ा नहीं हुआ तो मेरा कॉलेज छूटेगा."

त्यांचं हसू मावळलं. नवऱ्याच्या कामात त्या बोलत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कॉलेज में क्या पढ़ती हो?" मी अकाउंटिंग म्हटलं. त्यांनी मान हलवली. आतून कोणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

नंतर अब्बांना अर्बाबचा फोन आला. बोलणं थोडक्यातच झालं. फोन ठेवून अब्बा म्हणाले, "पोरीची परीक्षा होईस्तोवर राहा म्हणतोय. त्यानंतर खलास."

अम्मीने दोन्ही हात तोंडावरून फिरवून शुक्र म्हटलं. मग मला विचारलं, "या परीक्षेनंतर अजून किती असतात गो?"

"बऱ्याच," मी म्हटलं.

तिला अर्ध्या कॉलेजचा अर्थ कळला होता की नाही, मला सांगता येणार नाही.

"आधी ही तर दे," ती म्हणाली.