रॉकेलसाठी सोबत

जपानमधल्या सेंदाई शहरात, आमच्या गल्लीतल्या मराठी काकू सकाळी फिरायला निघाल्या की त्यांची मान कधी सरळ नसे. चालायच्या पुढे आणि बघायच्या लोकांच्या खिडक्यांकडे. माझा नवरा निनाद म्हणायचा, "पुण्यात एव्हाना भांडण झालं असतं!" पण काकूंचा हिशेब साधा होता. खोली उबदार ठेवायचा रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला असला की काचांवर आतून पाणी जमतं. भर जानेवारीत काच कोरडी दिसली, म्हणजे आत कुणीतरी कुडकुडत बसलंय. मग त्या घराची बेल वाजे आणि दारात काकू, हातात गरम आमटीचा डबा.

काका इथल्या विद्यापीठात प्रोफेसर. काकूंचं जपानी मात्र भाजीच्या दुकानात शिकलेलं, मोडकंतोडकं आणि ठणठणीत आवाजातलं. मी हसले की म्हणायच्या, "हसतेस काय? आमटी पोचते ना बरोबर?"

आमच्या जुन्या लाकडी इमारतीत तळमजल्यावर ओनोदेरा-सान नावाच्या आजी राहायच्या. एकट्या, तुटपुंज्या पेन्शनीवर. घरातही कोट घालून बसत. काकूंचा डबा त्यांनी कधी रिकामा परत पाठवला नाही, त्यात मुळ्याचं लोणचं असायचंच. कमी उत्पन्नाच्या घरांना हिवाळ्यात रॉकेलसाठी शहराकडून मदत मिळते, वॉर्ड ऑफिसात जाऊन नुसता अर्ज करायचा, हे काकूंनी त्यांना नाना परींनी सांगून पाहिलं. आजींचं उत्तर ठरलेलं. "आमटीला लोणचं देता येतं. त्या ऑफिसला मी काय देऊ?"

खरं तर त्या मदतीच्या नियमात आम्हीही बसत होतो. निनादची स्कॉलरशिप संपली होती, थीसिस लांबला होता. आमची ईरा नुकती रांगायला लागलेली, आणि फरशी इतकी गार की तिला खाली सोडायचा धीर होत नसे. पोर दिवसभर माझ्या कडेवर रडायची. तरी काकूंनी विषय काढला की मी म्हणायचे, "आमच्याकडे कुणी असलं काही घेतलेलं नाही हो."

काकूंनी वाद घातला नाही. एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ओनोदेरा-सान एकट्या जायला लाजतात. तू बरोबर गेलीस तर तयार होतील. आणि जातेच आहेस तर तुझाही अर्ज भर, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. म्हातारीसाठी एवढं कर." म्हातारीसाठी म्हटल्यावर मी कशी नाही म्हणणार?

वॉर्ड ऑफिसच्या बाकावर मी आजींना धीर द्यायला त्यांचा हात हातात घेतला, तर त्याच माझा हात थोपटायला लागल्या. म्हणाल्या, "काकू-सान सांगत होत्या, बाळाला थंडी वाजते आणि तुम्ही इथे यायला लाजता. म्हटलं, माझं काय, मी म्हातारी. तुमच्यासाठी मीही भरते अर्ज." मी म्हटलं, "अहो, मला तर त्या म्हणाल्या, तुम्ही लाजता!" मग आजींनी तोंडावर हात धरला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. त्यांच्या मांडीवरची ईराही हसायला लागली. आमचा नंबर पुकारला तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठलो.

मी जाब विचारायला गेले तर काकू भाजी निवडत होत्या. "खोटं काय बोलले मी? लाजत नव्हतात दोघी? देवळात प्रसादाच्या रांगेत उभी राहतेस, तेव्हा कुठे जाते गं तुझी लाज?" मी समोर बसून भाजी निवडायला लागले. मदतीचे पैसे आले, आमच्याकडे स्टोव्ह पेटला आणि ईरा खोलीभर रांगत सुटली. तिच्यामागे धावून मी दमले, आणि इतकी सुखावले की काय सांगू.

काका निवृत्त झाले आणि दोघं नाशिकला परतली. स्टेशनातून त्यांची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुटताना मी रडत होते आणि काकू काचेआडून कसल्याशा सूचनाच करत होत्या. अशी निर्मळ लबाडी करणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, असं मी परवापर्यंत म्हणत असे.

या हिवाळ्यात वरच्या मजल्यावर एका विद्यार्थ्याची बायको आली, वैदेही. सातवा महिना, अंगावर दोन स्वेटर, आणि तोंडात एकच, "आम्हाला नाही हो वाटत थंडी." मी हे आजींच्या कानावर घातलं. त्याच सकाळी आख्ख्या इमारतीपुढचा बर्फ फावड्याने उपसणाऱ्या ओनोदेरा-सान माझ्या दंडाला धरून, कमरेत वाकून, कण्हत जिना चढल्या. "मला एकटीला वॉर्ड ऑफिसात जायची भीती वाटते," त्या वैदेहीला म्हणाल्या, आणि मी गंभीर चेहऱ्याने ते मराठीत सांगितलं. "याल का सोबत?"

"अय्या, येते की!" म्हणत वैदेही कोट आणायला आत पळाली, आणि आजींनी माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला.