गणपतकाकांच्या घराचं आर्किटेक्चर

कुठलंही घर बांधून झालं की दारात थोडी वाळू उरते. ती कोणी उचलत नाही. मांजरं येऊन बसतात, मुलं त्यात खड्डे करतात, आणि वर्षभराने पाहावं तर ती अंगणाचाच भाग झालेली असते. आमच्या घरात किस्से असेच साठले. बाबांकडून प्लॅन काढून घ्यायला आलेला प्रत्येक जण थोडेसे मागे टाकून गेला. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर लोक निर्धास्त बोलतात. त्यातले एकाच घराचे किस्से सांगते. सगळे सांगायचे तर माझी दहावी बुडेल.

बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन आहेत. दिवसभर ते यंत्रांच्या भागांची चित्रं काढतात आणि संध्याकाळी चिंचवडला आमच्या पुढच्या खोलीत कामगारांच्या घरांचे प्लॅन. स्टेन्सिल धरून अक्षरं काढण्याचं काम माझ्याकडे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी ‘आर्किटेक्चरल ड्रॉइंग’ असं लिहिते. एकदा शाळेतल्या शब्दकोशात आर्किटेक्चरचा अर्थ पाहिला, तर एकच ओळ होती. आमच्या पुढच्या खोलीत मात्र जितकी माणसं तितके अर्थ.

गणपतकाका बाबांच्याच कंपनीत फिटर. मूळचे बीडकडचे. आठ वर्षं पिंपरीत एका खोलीत राहिले. सहा माणसं आणि तीन खाटा, कारण तिघे कामावर असले की बाकीचे तिघे झोपायचे. रखमाकाकू आणि तीन मुलं गावी, दिरांच्या घरात. काकांनी कासारवाडीला रुळांपलीकडे गुंठाभर जागा घेतली, तेव्हा काकूंचं पत्र आलं. लिहिलं होतं थोरल्या लेकीने, सुमनने, पण बोलणं काकूंचं होतं. ‘भाड्याच्या खोलीत येनार नाही. घर झालं की कळवा. जूनला लेकरं तिथल्या शाळेत बसली तर बसली, नाही तर हितंच राहू.’

काकांनी पत्र बाबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “भाऊ, तुमी रेघा मारायच्या आधी हे वाचा.”

तेव्हा डिसेंबर होता.

०

बाबांनी प्लॅन काढला तो त्यांच्या सवयीने, मिलिमीटरमध्ये. बांधकाम इस्माईलचाचांकडे होतं. चाचा चिंचवड गावातलेच जुने गवंडी. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“साहेब, खोली तीन हजार? हे घर हाय का बोगदा?”

“मिलिमीटर आहेत, चाचा. म्हणजे दहा फूट.”

“मंग दहाच लिवा की. आन् हे अधिक-उणे अर्धा काय?”

बाबांनी समजावलं, की मोजमापात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर चालेल, त्याहून जास्त नको. यंत्राच्या प्रत्येक भागावर हे लिहावंच लागतं, त्यामुळे हात आपोआप लिहून गेला होता.

चाचांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “साहेब, माझ्या इटा एका आईच्या न्हाईत.”

गणपतकाकांना मात्र ते अधिक-उणे फार आवडलं. पुढे विटा चढू लागल्या तेव्हा ते कामावरून येताना फीलर गेज घेऊन आले. फीलर गेज म्हणजे पोलादी पात्यांची छोटी जुडी, दोन भागांमधली बारीक फट मोजायची. काका विटांमधल्या सांध्यात एकेक पातं घालून पाहू लागले. चाचांनी थापी खाली ठेवली, जुडी मागून घेतली, सगळ्यात पातळ पातं निवडलं आणि त्याने नखातलं सिमेंट काढलं.

“चांगली वस्तू हाय,” म्हणाले, “रोज आणत जा.”

०

नगरपालिकेत द्यायच्या प्लॅनवर खऱ्या आर्किटेक्टची सही लागते. आमचे सहीवाले साहेब पुण्याहून दर शनिवारी स्कूटरवर येतात. ते कॉलेजात शिकवतातही, त्यामुळे सही करण्याआधी थोडं शिकवतात.

“आर्किटेक्चर म्हणजे भिंती नव्हेत,” काकांचा प्लॅन सहीला आला त्या दिवशी ते म्हणाले. “भिंतींच्या मधली जी मोकळी जागा, ती आर्किटेक्चर.”

इस्माईलचाचा दाराशी चहा पीत होते. “मंग ती मोकळी जागा तुमी बांधा साहेब,” ते म्हणाले, “भिंतींचं मी बघतो.”

साहेब मोठ्याने हसले. मग गणपतकाकांकडे वळून त्यांनी विचारलं, “खिडकी कुठल्या बाजूला हवी तुम्हाला? सकाळी उठल्यावर काय दिसावं असं वाटतं?”

काकांनी नीट विचार केला. “दिसायचं काय नाही साहेब. कंपनीचा भोंगा ऐकू आला पायजे.”

साहेबांनी सही करायला काढलेलं पेन पुन्हा बंद केलं, कागदावर उत्तर दिशा शोधली, बाबांना कंपनी कुठल्या बाजूला येते ते विचारलं आणि खिडकी तिकडे सरकवली. पुढच्या वर्गात हे सांगणार म्हणाले.

०

बाबांचे मित्र नेनेकाका कंपनीच्या नव्या कॉम्प्युटर विभागात आहेत. तिथे चप्पल काढून जावं लागतं म्हणून कामगार त्याला देवघर म्हणतात. एका रविवारी ते आमच्याकडे आले आणि बोलता बोलता म्हणाले, “तुमच्या घरांचंच कशाला, आमच्या कॉम्प्युटरचंही आर्किटेक्चर असतं.”

आम्ही सगळे ऐकू लागलो. नेनेकाकांनी कागदावर चौकोन काढले. इथे आकडे येतात, इथे साठवून ठेवतात, इथून बाहेर पडतात. चौकोनांना बाणांनी जोडलं. खरोखरच तो एखाद्या वाड्याच्या नकाशासारखा दिसत होता.

गणपतकाका कागदावर वाकून पाहत होते. “येवढ्या खोल्या,” ते म्हणाले, “आन् राहतं कोण?”

“राहत कोणीच नाही.”

“मंग लवकर बांधून झाला असंल.”

०

फेब्रुवारीत स्वयंपाकघरावर गाडी अडली. आई बाबांच्या कामात कधी पडत नाही, पण त्या दिवशी चहा ठेवताना तिची नजर कागदावर गेली.

“ओटा केवढा उंच आहे हा?”

बाबांनी सांगितलं. त्यांनी ओट्याला वर्कबेंचची उंची दिली होती. कंपनीत सगळे फिटर त्याच उंचीवर काम करतात आणि कोणाची पाठ दुखत नाही.

“स्वयंपाक फिटर करणार आहेत का?” आईने विचारलं. “वहिनींची उंची किती?”

बाबांनी काकांकडे पाहिलं. काका उभे राहिले आणि आपल्या खांद्याशी हात धरला. मग तो थोडा खाली आणला. मग आणखी खाली. मग पुन्हा वर.

“गेल्या दिवाळीला येवढी होती,” ते म्हणाले.

कोणी हसलं नाही, म्हणजे आई वळून आत गेली आणि मग हसली.

काकांच्या सांगण्यावरून मी पत्र लिहिलं. खाली माझ्याकडून एक ओळ जोडली, की उंची फुटात जमत नसेल तर कशीही कळवा. दहा दिवसांनी जाडजूड पाकीट आलं. आत गुंडाळलेली सुतळी होती आणि सुतळीला दोन गाठी. सुमनने लिहिलं होतं, ‘वरची गाठ आईची. खालची माझी. भाकरी मी पण करते.’

बाबा सुतळी हातात घेऊन बसले. त्यांच्याकडे मोजायची कितीतरी साधनं आहेत, पण ती सुतळी त्यांनी मोजली नाही. तशीच चाचांकडे दिली. चाचांनी ती भिंतीवर खिळ्याला टांगली आणि दोन्ही गाठी बघून दोन ओटे बांधले, एक उंच आणि त्याला लागून एक बुटका. प्लॅनवर बुटका ओटा नाही. सहीवाल्या साहेबांच्या ते लक्षात आलं, तेव्हा ते चाचांना म्हणाले, “हा माझ्या हातून सुटला.”

०

एप्रिल संपत आला. भिंती झाल्या, स्लॅब झाला, पण दार नव्हतं. बाबांच्या कंपनीत परदेशातून यंत्रं येतात ती मोठ्या लाकडी खोक्यांतून, आणि त्या फळ्या भंगारवाल्यांकडे मिळतात. अर्ध्या कासारवाडीची दारं त्यांचीच आहेत. काकांनीही फळ्या आणल्या. चाचांच्या भावाने दार जोडलं, रंधा मारला, चौकटीत बसवलं. फळीवर काळ्या रंगात छापलेली ‘ही बाजू वर’ची खूण, म्हणजे बाण आणि काचेचा पेला, तेवढी राहून गेली.

काका शिफ्ट संपवून आले आणि दारासमोर थांबले. बाणाचं टोक खाली होतं.

“उलटं हाय,” ते म्हणाले.

“दार हाय ते,” चाचा म्हणाले. “उलटं लावलं तर काय सांडणार हाय?”

“बाण वर पायजे.”

“रंग दिला की बाण दिसणार बी न्हाई.”

“मला ठावं हाय ना तो हाय ते.”

चाचांनी प्लॅनवरच्या साहेबांच्या सहीची, जूनची आठवण दिली, एक दिवस वाया जाईल म्हणाले. काकांनी आठ वर्षं अशी खोकी उतरवली होती आणि एकही उलटं ठेवलं नव्हतं. शेवटी बिजागऱ्या काढल्या, दार फिरवलं, पुन्हा बसवलं. आता ते डावीकडे उघडायच्या ऐवजी उजवीकडे उघडू लागलं. बाबांनी त्याच संध्याकाळी प्लॅनवर खोडरबर घेऊन दारही फिरवलं.

०

जूनच्या पहिल्या आठवड्यात रखमाकाकू आल्या. शिवाजीनगरला एस.टी.तून उतरून लोकलने कासारवाडी. काका स्टेशनवर गेले आणि आम्ही सगळे घरापाशी थांबलो.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काखेत प्लॅनची सुरळी, काही विचारलं तर असावी म्हणून. इस्माईलचाचा तिसऱ्यांदा उंबरा पुसत होते. शनिवार असल्यामुळे सहीवाले साहेबही स्कूटर लावून उभे होते. आईच्या हातात जेवणाचा डबा होता. दाराला आतली कडी बसली होती, बाहेरची यायची होती. आत अजून चोरण्यासारखं काही नव्हतं.

रुळांकडून ते पाचजण येताना दिसले. काकूंच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, मुलांच्या हातात गाठोडी, काकांच्या खांद्यावर वळकटी. सुमनने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

काकूंनी सगळ्यांना मान लववून नमस्कार केला. बाबा घसा खाकरून म्हणाले, “वहिनी, हा दर्शनी भाग—”

काकूंनी पेटी उतरवून आत ठेवली. मुलांना एकेक करून आत घेतलं. मग त्यांनी दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही बाहेर. गणपतकाकाही बाहेर, खांद्यावर वळकटी.

आतून मुलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावल्याचं ऐकू आलं. मग ओट्यावर भांडं ठेवल्याचं. मग ते उचलून दुसऱ्या ओट्यावर ठेवल्याचं. मग खिडकी उघडून पुन्हा लावल्याचं.

“जागा समजून घेतायत,” सहीवाले साहेब हळूच म्हणाले.

“दार झ्याक बसलंय,” चाचा म्हणाले. “फट न्हाई कुठं.”

आणखी थोडा वेळ गेला. शेवटी आईने काकांना कोपराने ढोसलं. “भाऊजी, वाजवा की.”

काकांनी वळकटी खाली ठेवली. हात शर्टाला पुसला. दोन बोटांनी दार वाजवलं.

“कोन हाय?” आतून काकूंचा आवाज आला.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. मग ते ताठ उभे राहिले आणि कंपनीच्या गेटवर सांगतात तसं म्हणाले, “गणपत निवृत्ती गायकवाड. फिटर. जनरल शिफ्ट.”

आत मुलं खिदळली. मग काकूंनी विचारलं,

“काय काम हाय?”