जयमालाबाईंचा वन्स मोअर

संगीत नाटकाला जाणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. जी उरली आहेत, ती एकमेकांना मागून, नुसत्या डोक्यावरून ओळखतात. वाशीच्या नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की मागच्या रांगेतला कुणीतरी शेजारच्याला हळूच विचारायचा, "बाई आल्यात ना?" बाई म्हणजे नेरूळच्या जयमाला आगाशे. पद रंगलं की पहिला वन्स मोअर त्यांचा असायचा आणि तो पडला की उरलेल्या थिएटरला कंठ फुटायचा.

हे काम पुरुषांचं, असा जुन्या मंडळींचा समज होता. जयमालाबाईंनी तो लग्नानंतरच्या पहिल्याच नाटकात मोडीत काढला. बँकेत काउंटरवर बसणारी, घरात हळू बोलणारी आपली बायको भर सभागृहात ओरडते आहे हे पाहून सुभाषरावांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पुढे त्यांनी सवय करून घेतली. दुसऱ्या अंकात ते झोपायचे, वन्स मोअरला दचकून उठायचे आणि परत झोपायचे. ते गेल्यावर बाई म्हणायच्या, "ह्यांनी प्रत्येक नाटक अर्धंच पाहिलं, पण मला कधी एकटीला पाठवलं नाही." एवढं बोलून विषय बदलायच्या.

वन्स मोअर देणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे, हे आजकालच्या लोकांना कुणी सांगावं. पद संपतं, टाळ्या पडतात, त्या ओसरायच्या आत आणि नटाने पुढचं वाक्य उचलायच्या आत तो द्यायचा. लवकर दिला तर उतावळेपणा. आणि गाणं पडलेलं असताना दिला तर ती चक्क टवाळी. पूर्वी नावडत्या नटाला रडवायला प्रेक्षक मुद्दाम तसं करायचे. जयमालाबाईंचा वन्स मोअर आजवर कधी चुकला नव्हता. त्यांच्या कानावर सगळ्यांचा विश्वास होता, आणि माणसाकडे असा एखादाच दागिना असला की तो हरवल्याचं सांगायला जीभ रेटत नाही.

नाटकाला त्या जायच्या दोघांबरोबर. एक निशिगंधा, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारी. तिकिटं काढायचं काम तिचं. दुसरे खांदेश्वरचे दिनानाथ, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आणि कशालाही चांगलं न म्हणणारे. नाटक सुटलं की तिघं थिएटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहायचे. दिनानाथ सुरुवात करायचे, "पूर्वी तिकिटांचा प्लॅन उघडला की खिडकीवर रांग लागायची. आता ॲपवर सीट हिरवी की राखाडी तेवढं बघायचं. त्यात काय मजा?" मग पुढच्या रांगेतल्या माणसाने अख्खं पद मोबाईलवर घेतलं, म्हणून त्याचा उद्धार. मग ऑर्गन जास्त वाजला की कमी यावर वाद. शेवटी दोघंही बाईंकडे बघायचे. बाईंनी निकाल दिला की चहा संपायचा.

गेली दोन वर्षं बाई निकाल अंदाजाने देत होत्या.

आधी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी गेली. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज ओल्या फडक्याआडून आल्यासारखे यायला लागले; समोरच्याचं बोलणं त्या ओठांवरून जुळवायच्या. तबला ऐकू यायचा, पण वरच्या पट्टीतला गळा नुसता हलताना दिसायचा. डॉक्टरांनी मशीन दाखवलं. बाई विचार करते म्हणाल्या आणि परत तिकडे फिरकल्या नाहीत. कानात मशीन लावलेल्या बाईच्या वन्स मोअरला कोण विचारणार? आणि बहिऱ्या बाईचं तिकीट तरी निशिगंधा कशाला काढेल? जुनी नाटकं त्यांना तोंडपाठ होती. गाणाऱ्याचा हात, तबलजीची मान, लोकांच्या टाळ्या बघून त्या बरोबर जागा पकडायच्या. हल्ली पुढच्या रांगेचा हट्ट धरायच्या. निशिगंधा म्हणायची, "जयाताई, मान दुखते हो तिथून." बाई म्हणायच्या, "मला चेहरे बघायचेत." हे खोटं नव्हतं.

निशिगंधाची मुलगी ईश्वरी त्यांच्या डोळ्यांपुढे वाढली. आई ऑफिसातून येईपर्यंत ती बाईंच्याच स्वयंपाकघरात असायची. गाण्याचं वेड तिला तिथेच लागलं. मोठी झाल्यावर रीतसर शिकायला जायला लागली, तरी नवीन काही बसवलं की आधी मावशीला ऐकवायची. ओट्याला टेकून गायची आणि बाई भाजी निवडता निवडता मान डोलवायच्या. त्या डोलवतच राहिल्या, ऐकू येत नव्हतं तेव्हाही.

मग ईश्वरीला नाटक मिळालं. एका हौशी संस्थेचं अगदी नवं संगीत नाटक, पदंही नवी, आणि तिचं पहिलंच काम. बाई तिला म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या पदाला पहिला वन्स मोअर माझा." प्रयोगाच्या थोडं आधी ईश्वरी खाली आली, पद म्हणून दाखवलं आणि समोर येऊन विचारलं, "मावशी, वरचा सूर नीट लागतोय ना? गाण्याचे सर म्हणतात पट्टी खाली घे, तुला झेपणार नाही. मला टेन्शन आलंय. काय करू?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा फुललेला होता, हात अजून हवेत होता. खरं सांगायची हीच वेळ होती. बाईंना ते कळतही होतं.

"लागतो की," त्या म्हणाल्या. "खाली कशाला घ्यायची?"

प्रयोग रविवारी दुपारचा होता. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं, निम्मे लोक कलाकारांच्या घरचे. ईश्वरी हिरव्या नऊवारीत आली तेव्हा निशिगंधाने बाईंचा हात घट्ट धरला. पद सुरू झालं. नवं असल्यामुळे बाईंना आधाराला काहीच नव्हतं, म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या. ईश्वरीचा हात हळूहळू वर गेला आणि मधेच थांबला. तिने डोळे मिटले. तबलजीने मान खाली घातली. क्षणभर काहीच हललं नाही, आणि मग अख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या.

बाईंचे डोळे भरून आले. एरवी त्या बसूनच वन्स मोअर द्यायच्या. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून दिला.

बाल्कनीतल्या पोरांनी तो उचलला, शिट्ट्याही मारल्या. मागे वळून पाहणाऱ्या बाईंना लोक हसताना दिसले. त्यांना वाटलं, खूश झालेत. त्यांनी कौतुकाने निशिगंधाकडे पाहिलं, तर निशिगंधाने हात सोडवून घेतला होता आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जसं इतक्या वर्षांत तिने कधी बघितलं नव्हतं. रंगमंचावर ईश्वरीने तोंड उघडलं, मिटलं, आणि ती विंगेत निघून गेली. दुसऱ्या नटाने धावत येऊन पुढचं वाक्य घेतलं.

मध्यंतरात निशिगंधा जागेवर नव्हती. दिनानाथांनी बाईंना वड्याच्या काउंटरपासून बाजूला नेलं. ते रागावले होते, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"हे काय केलंत जयमालाबाई? पोरीचा आवाज फाटला. लोकांनी सांभाळून घ्यायला टाळ्या दिल्या. आणि तुम्ही चक्क उभ्या राहून वन्स मोअर देता?"

 बाईंनी भिंतीला हात टेकला. एकच वाक्य बोलायचं होतं, पण ते बोललं की आजवरचे सगळे वन्स मोअर गेले, टपरीवरचे निकाल गेले, शेजारची खुर्ची गेली.

"चुकलं," त्या म्हणाल्या.

"तुमचं?" दिनानाथ म्हणाले. "तुमचं असं चुकत नाही. म्हणून तर वाईट वाटतं."

बाईंना ऐकू आलं नसेल, ही शंकासुद्धा कुणाला आली नाही. त्यामुळे लोकांनी कारणं शोधली. कुणी म्हणालं, मागे कधीतरी पुढच्या रांगेचं तिकीट दिलं नाही म्हणून बाई निशिगंधावर डूख धरून होत्या. कुणी म्हणालं, म्हातारपणी माणूस असंच दुसऱ्याच्या पोरांवर जळतं. निशिगंधा लिफ्टमध्ये भेटली तर मोबाईलमध्ये बघायची. पुढच्या नाटकाच्या तिकिटांचं बाईंना कुणी विचारलं नाही.

हे सगळं बाईंनी सोसलं असतं. दुष्ट म्हणवून घेणं त्यांना बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटत होतं. पण वरच्या मजल्यावर रियाझ होतो की नाही, हे कळायला त्यांच्याकडे काही मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला, रणजीतला विचारलं. साताऱ्याकडचा तो भला माणूस, त्याचा जाड आवाज त्यांना नीट कळायचा. "ईश्वरीताईचं गानं बंद हाय, बाई," तो म्हणाला. "नाटक बी सोडलं म्हनत्यात."

बाई त्याच पावली वर गेल्या. दार निशिगंधाने उघडलं आणि ती आत निघून गेली. ईश्वरी हॉलमध्ये बसली होती.

"मला ऐकू येत नाही, ईश्वरी," बाई उभ्यानेच म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही. लोक टाळ्या वाजवताना दिसले, मला वाटलं तू जिंकलीस. तुझी टवाळी मी करेन का गं?"

ईश्वरीचा चेहरा एकदम सैल झाला. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसा. बाईंना ते दिसलं आणि त्यांना वाटलं, आपण आधीच यायला हवं होतं. पण पोर विचार करत होती. तो सैलपणा बाईंच्या डोळ्यांदेखत ओसरत गेला.

"मग त्या दिवशी स्वयंपाकघरात? मी पट्टीचं विचारलं तेव्हा?"

बाईंना खोटं बोलवेना. "तुझा चेहरा बघून सांगितलं."

"सर सांगत होते, मावशी. मी त्यांचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं." ती थांबली. "आणि त्याच्या आधी? दोन वर्षं मी तुला म्हणून दाखवत होते ते?"

 बाईंना रडू येत होतं, पण इथे आपण रडायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

ईश्वरी उठली. तिने खुर्ची ओढून बाईंना बसवलं आणि आपण स्टूल घेऊन त्यांच्या समोर, अगदी जवळ बसली. तोंडावर आलेले केस मागे घेतले, ओठ नीट दिसावेत म्हणून. बाईंशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

"तू टवाळी केलीस, असंच मला वाटू द्यायचं होतंस," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "टवाळी करायला निदान ऐकावं तरी लागतं."

जयमालाबाईंना त्यातला एकही शब्द चुकला नाही.