दौंडचा चौथा गडी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तो चार हिरोंचा गेम आठवतो का? त्याचा नवा भाग आलाय. सगळे समीक्षक नावं ठेवतायत." मी म्हटलं, आठवतो. तेवढ्यात तुमच्यापैकी कुणीतरी मागून ओरडलं, "दौंडच्या आज्जीला विचारू या ना! तिला जास्त आठवत असेल."

तिला काय आठवतं ते ती सांगेल. मला आठवतं ते मी लिहून पाठवते.

त्या वर्षी मोठी सातवीत जाणार होती आणि धाकटा चौथीत. तेव्हा तुम्ही पुण्याला राहत होता. तुमच्या बाबांची परदेशातली नोकरी पक्की झाली होती आणि जूनमध्ये तुम्ही सगळेच जाणार होता. पुन्हा भेट कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून सुट्टीची वाटणी मी एप्रिलमध्येच तुमच्या आईबरोबर बसून ठरवली होती. आधी दौंड, आईचं माहेर. मग बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी शिरूर, ते पुण्याला परत जाईपर्यंत. पौर्णिमा आपल्या घरी, हे तुमच्या जन्मापासून ठरलेलं. सकाळी विहारात वंदना, मग खीर, आणि आळीत घरोघर खिरीच्या वाट्या पोचवण्याचं काम तुम्हा दोघांचं. मी गोष्टींची नवी पुस्तकं आणून त्यांना कव्हरं घातली होती. कॅरमला पावडर लावून ठेवली होती.

दौंडला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. कुरकुंभच्या कारखान्यातल्या तुमच्या मामानं, बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून, टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र जुन्यात घेतलं होतं. त्यात चार महाशक्तीवाल्या वीरांच्या टोळीचा खेळ होता. नुसती मारामारी नाही, आजी, त्यात गोष्ट आहे, असं मोठी सांगत होती. चौघं एकमेकांशी भांडतात, मग एकमेकांना वाचवतात.

"चौघं कोण कोण खेळता?" मी विचारलं.

"मामा, मी, हा आणि आज्जी."

"कोण आज्जी?"

"दौंडची आज्जी! ती पंखवाली बाई आहे."

मी फोन ठेवला आणि तुमच्या आजोबांना सांगितलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "छान आहे की." मला त्यात छान काही दिसलं नाही. तुमच्या दौंडच्या आजीची शाळा सातवीला सुटली. इंग्रजी अक्षरं त्यांना दुकानांच्या पाट्यांपुरती ठाऊक. माझी सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली. इंग्रजी बोलणारे वीर दौंडच्या रेल्वे लायनीजवळच्या त्या घरात उतरले आणि त्यांच्यातली पंखवाली झाल्या विहीणबाई.

रोज फोन आणि रोज तोच विषय. पौर्णिमेच्या चार दिवस आधी धाकट्याचा आवाज फार गोड झाला, तेव्हाच मी ओळखलं.

"आजी, आम्ही पौर्णिमेला नाही आलो तर चालेल? शेवटचा टप्पा सुटतच नाहीये. आज्जी सारखी मरते."

"मग तिला सोडून खेळा."

"असं कसं? चौघं लागतात. गोष्टच चौघांची आहे."

त्या दिवशी संध्याकाळी मी एसटी स्टँडसमोरच्या नेट कॅफेत गेले. पोरांना एखादं पुस्तक आवडलं की मी आधी त्याचं परीक्षण शोधून वाचत असे, मग पुस्तक. इथं तर खेळाचीही परीक्षणं निघाली, आणि ती चांगल्या इंग्रजीत होती. मी तीन छापून घेतली आणि घरी येऊन पेन्सिलीनं खुणा केल्या. खरं सांगते, त्यातले दोष वाचताना मला बरं वाटत होतं. पहिल्यानं लिहिलं होतं की कथा बांधून ठेवते, संवादांत जीव आहे, पण मारामारी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. दहापैकी सात. दुसऱ्याचं म्हणणं, एकट्यानं खेळलं तर यंत्र ज्या तीन सोबत्यांना चालवतं ते भिंतीला धडका देत उभे राहतात. सहा. तिसऱ्यानं मात्र पान भरून कौतुक केलं होतं की चार माणसं शेजारी बसून खेळली तर हा वेगळाच खेळ होतो. ते पान मी सगळ्यांत खाली घातलं.

आदल्या दिवशी तुम्ही आला नाहीत. पौर्णिमेला सकाळी वंदना आटोपली. खीर केली, आळीतल्या वाट्या स्वतःच पोचवल्या. "पोरं कुठायत?" असं प्रत्येक दारात विचारलं गेलं. मग खिरीचा मोठा डबा, ती पानं आणि तुम्हाला घेऊनच परत यायचं हा निश्चय, एवढं घेऊन मी दौंडच्या एसटीत बसले. न्हावऱ्याच्या पुढे रस्त्याला खड्डे होते. डबा मी सबंध रस्ता मांडीवर धरला.

दारातून आत पाहिलं तर तुम्ही चौघं चटईवर एका ओळीत. विहीणबाई मधोमध, पदर खोचलेला, हातात ते बटणांचं यंत्र. तुम्ही दोघांनी वळून "आजी आली!" म्हटलंत आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलंत. उठल्या त्या विहीणबाईच.

"या या, विहीणबाई! बरं झालं आलात. ही गोरी मानसं काय बडबडत्यात ते मला काय कळंना. पोरं म्हंत्यात नंतर सांगतो, आन् सांगत न्हाईत. तुम्ही बसा हितं, सांगा मला."

मी तुम्हाला न्यायला आले होते. बसले मात्र त्यांच्याशेजारी, टीव्हीतलं इंग्रजी मराठीत सांगत. पुढारी टोळी सोडून चाललाय, पंखवाली त्याला म्हणते की तू गेलास तर आम्ही तिघं उरतो, टोळी उरत नाही. विहीणबाई हातातलं यंत्र विसरून ऐकत होत्या. "बरोबर बोलली बाई," म्हणाल्या. धाकटा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शिरूरची आजी गोष्ट सांगते आणि दौंडची आज्जी मरते!" सगळे हसले. मला माझा वाटा कमी वाटला.

त्या का मरतात, तेही पाहिलं. लढाई संपली की जमिनीवर हिरवे गोळे पडत. जो उचलेल त्याची शक्ती भरून येई. विहीणबाईंची पंखवाली रक्तबंबाळ, गोळा तिच्या पायाशी, आणि ती बाजूला सरून उभी.

"आज्जी, घे ना! तुझी शक्तीची पट्टी लाल झालीये!"

"तू घे आधी, बाळा. मामाला घेऊ दे. राहिला तर मी घेते."

राहत नसे. पुढच्याच झटापटीत त्या पडत. मग तुम्ही तिघं ओरडत मागे पळत जाऊन त्यांना उठवत, तोवर चहूबाजूंनी शत्रू येत, आणि टप्पा पहिल्यापासून.

जेवायला बसलो तेव्हाही तेच. आम्हाला वाढून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या. "बसा ना, विहीणबाई," मी म्हटलं. "बसते की. तुमचं होऊ द्या." माझी खीर त्यांनी सगळ्यांना दोनदा वाढली. शेवटी डबा खरवडून चमचाभर स्वतः घेतली, आणि सगळ्यांत जास्त कौतुकही त्यांनीच केलं. माझ्या वडिलांनी घरात नियम घातला होता, आईसकट सगळ्यांनी एका वेळी जेवायचं. आई सुरुवातीला लाजायची म्हणे. मी त्याच नियमात वाढले, आणि मला तो अजूनही शंभर टक्के पटतो. पण त्या दुपारी माझ्या मनात आलं, ही बाई मुद्दाम मरते. ती मरते तोवर पोरं इथंच राहणार.

मग मी पानं काढली. परीक्षक काय म्हणतात ते वाचून दाखवलं. मोठी ऐकत राहिली. धाकटा चिडला.

"किती मार्क दिले?"

"एकानं सात, एकानं सहा."

"सहा? त्याला खेळता येत नसेल!"

"कुठला हाय हा मास्तर?" विहीणबाईंनी विचारलं.

"अमेरिकेतला असावा."

"यकटाच खेळत बसला असंल बिचारा. घरात कुनी न्हाई वाटतं त्याच्या."

तुम्ही टाळ्या पिटल्या. मामा म्हणाला, "आई, तू लिही परीक्षण!" तिसऱ्या परीक्षकानं नेमकं तेच लिहिलं होतं, आणि ते पान माझ्या हातातच होतं. आता वाचलं तर मी विहीणबाईंचीच री ओढल्यासारखं झालं असतं. मी पानं पर्समध्ये घातली आणि म्हटलं, "कपडे भरा. चारची गाडी आहे."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठी म्हणाली, "आजी, फक्त दोन दिवस." मी विहीणबाईंकडे पाहिलं. एक शब्द त्या बोलल्या असत्या, "राहू द्या की," एवढंच, तर तुम्ही राहिला असता आणि मी रिकामा डबा घेऊन परतले असते. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं.

त्या उठल्या, टीव्हीच्या वायरी सोडवल्या, यंत्र आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पिशवीत घालून माझ्याकडे दिलं.

"घेऊन जा तुमच्याकडं. माझ्याच्यानं काय सुटत न्हाई ते. तुम्ही शिकलेल्या, तुमच्या हातनं सुटंल. मामाला रविवारी सुट्टी हाय, तो यील चौथा... न्हाई, चौथ्या तुम्ही. तो तिसरा."

मामानं "आई, अगं—" म्हटलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी थँक यू म्हटलं. मराठीत तोंडातून आलं नाही. परतीच्या एसटीत तुम्ही दोघं खिडकीशी, आणि पिशवी माझ्या मांडीवर, जिथं सकाळी खिरीचा डबा होता. भांडून आणलं असतं तर मी तुम्हाला जिंकून आणलं असं तरी म्हणता आलं असतं. मला तर वाढून दिलं होतं.

रविवारी मामा आला. मी पंखवाली झाले. बटणं मला लवकर आली, कारण सूचना मी आधी पूर्ण वाचल्या होत्या. माझी पट्टी लाल झाली की हिरवा गोळा मी उचलत असे. माझी गरज, माझा गोळा. मी एकदाही पडले नाही. शेवटचा टप्पा त्या दुपारीच सुटला. पुढारी परत आला, चौघं एका छपरावर उभे राहिले, आणि मी त्यांचे शेवटचे संवाद तुम्हाला सांगायला लागले. तुम्हाला ते कळत होतेच.

"झालं?" मी म्हटलं. "सुटला की नाही?"

"हो," मोठी म्हणाली. मग बटणं खाली ठेवत, "तुझी पानं बरोबर होती, आजी. मारामारी सारखी सारखीच आहे."

"दौंडला नव्हती," धाकटा म्हणाला. "तिकडे आज्जीला उठवायला जावं लागायचं."

आणि तुम्ही दोघं फोनकडे धावलात. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शेवट तुम्ही विहीणबाईंना अर्धा उलटा सांगितलात, एक तुटलेलं वाक्य मोठीचं, एक धाकट्याचं, आणि पलीकडून त्यांचं हसणं रिसीव्हरबाहेर माझ्यापर्यंत येत होतं. माझ्याकडे तो शेवट नीट, ओळीनं तयार होता. कुणी मागितला नाही.

त्यानंतरचे सगळे दिवस तुम्ही शिरूरलाच होता, ठरल्याप्रमाणे. कॅरम खेळलो, पुस्तकं वाचली. यंत्र लुगड्यातच बांधून मामाबरोबर परत गेलं. मग जून आला आणि तुम्ही गेलात.

त्या मुद्दाम मरत होत्या का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता वाटतं, नसाव्यात. पण त्यानं माझा मत्सर कमी होत नाही, उलट वाढतो.

डिसेंबरमध्ये येताय, त्याचं वेळापत्रक तुमच्या आईनं पाठवलंय. विमानतळावरून आधी दौंड, मग शिरूर, असं त्यात आहे. मी ते दुरुस्त करून परत पाठवलं आहे. आधी शिरूर. विहीणबाईंनाही तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "व्हय व्हय, तुमच्याकडंच येऊ द्या आधी. मी काय, कवा बी." त्या थांबतील, त्यांना सवय आहे. मला नाही. तुमच्यासाठी खोली झाडून ठेवली आहे, आणि यायच्या दिवशी खीर करणार आहे. आपण सगळे एकाच वेळी जेवायला बसू.