मास्तरांच्या घरात दुसरी वायरमन

भिंतीत वायर लपवायची तर मास्तरांनीच, असं त्या भागातले गवंडी, प्लंबर आणि रंगारी एकमुखाने सांगत. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. चौतीस वर्षं वायरमन होते. पण कुणाच्याही घरी कामाला गेले की आधी घरमालकाला समोर उभं करून दहा मिनिटं समजावत, म्हणून ते नाव पडलं. "भिंतीत वायर जाते ती एक तर सरळ वर, नाही तर सरळ आडवी. तिरकी कधीच नाही. पुढे तुम्ही फोटो लावायला खिळा ठोकाल, तेव्हा वायर कुठे असेल हे न विचारता कळलं पाहिजे." त्यांनी झिरी मारून, पाइप बसवून वरून प्लास्टर केलं की रंगाऱ्यालाही जागा सापडत नसे.

हे सगळं लोकांच्या घरी. स्वतःच्या घरी बोर्डाचं झाकण एका स्क्रूवर लोंबत होतं आणि बाहेरच्या खोलीतल्या पंख्याची वायर खिळ्याखिळ्यांवरून फिरायला निघाल्यासारखी गेली होती. गरम पाण्याची सोय म्हणजे बायको. ती शेगडीवर पातेलं तापवायची आणि दोन्ही हातांनी धरून, "सरका, सरका" करत पॅसेजमधून नहाणीघरात न्यायची. ती कपडे शिवायची. मशीनवर वाकून वाकून तिचा उजवा खांदा धरला होता. पाणी तिथल्या तिथे तापवणारा शॉवर तिने वर्षापूर्वी स्वतः पसंत करून आणला. खोका कपाटावर जाऊन बसला. मास्तर त्याच्याकडे बघून म्हणत, "या रविवारी नक्की." रविवारी कुणाचा तरी फोन यायचा आणि मास्तर पिशवी उचलायचे. बायकोला ते 'नाही' असं कधीच म्हणाले नाहीत; फक्त निघून जायचे.

एका मंगळवारी मास्तर रेघ सरळ आहे का ते बघायची लेव्हल बॉटल घरी विसरले. ती न्यायला अकराच्या सुमारास परत आले, तर जिन्यातच कटरची घरघर ऐकू आली. कोणाकडे काम निघालंय आणि आपल्याला कसं कळलं नाही, असा विचार करत ते वर चढले. आवाज त्यांच्याच घरातून येत होता.

दार सताड उघडं. पलंगावर, कपाटावर जुन्या चादरी. पॅसेजच्या भिंतीवर खडूच्या दोन रेघा, आणि त्या रेघांवरून कटर चालवणारी चाळिशीची एक बाई. नाकावर मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा, केस रुमालात बांधलेले.

"अगं, हे काय चाललंय?"

"काम," बायको म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून चहा पीत होती. "या वायरमन ताई. शॉवर बसवताहेत."

"पण मी होतो ना."

"तुमचे सगळे वार भरलेले असतात. यांचा मंगळवार मोकळा होता."

ताईंनी कटर बंद केला. "हे कोण?"

"हे इथेच राहतात," बायकोने ओळख करून दिली.

मास्तरांना चांगलाच राग यायला हवा होता. पण त्यांची नजर रेघांवर गेली आणि तिथेच अडकली. रेघा ओळंब्यात होत्या. "केबल केवढी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"दहा एमएम. मेन बोर्डापासून थेट, मधे सांधा नाही. ब्रेकर वेगळा, करंट गळला तर आपोआप पडणारा. स्विच नहाणीघराच्या बाहेर, खांदा न उचलता वहिनींचा हात पोचेल तिथे."

बोट ठेवायला जागा नव्हती. मास्तर लेव्हल बॉटल हातात घेऊन तिथेच घोटाळू लागले.

ताईंनी पुढच्या भिंतीवरून वायर शोधायचं यंत्र फिरवलं. ते मधेच चिवचिवलं. "इथे काही असायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी मेन स्विच पाडला, टेस्टरने खात्री केली आणि छिन्नीने हलक्या हाताने प्लास्टर उकललं. आत एक वायर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी गेली होती, आणि तिच्या पोटात चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा.

"कुठल्या महाभागाने केलंय हे?" ताई म्हणाल्या. "इथे कुणी खिळा ठोकला असता तर?"

"असेल कुणीतरी घाईतला," मास्तर म्हणाले.

बायकोने कप खाली ठेवला आणि मास्तरांच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. बावीस वर्षांपूर्वी ते या घरात आले त्या दिवशी आतल्या खोलीत दिवा नव्हता. लेक चार महिन्यांची होती, अंधारात रडून रडून लाल झाली होती. मास्तरांनी हाताला लागलेले दोन तुकडे जोडून तासाभरात दिवा लावला. नंतर नीट करू म्हणून वरून प्लास्टर थापलं, आणि थापल्यावर विसरले.

"मीच केलंय," ते म्हणाले. "मी पण वायरमनच आहे. मास्तर म्हणतात मला."

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "चिठ्ठीवाले मास्तर?"

काम संपलं की मास्तर बोर्डाच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवत: भिंतीचं चित्र आणि वायर कुठून किती इंचांवर गेली त्याची मापं. ती कुणी वाचत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मी सुरुवात केली तेव्हा मला कुणी शिकवायला तयार नव्हतं," ताई म्हणाल्या. "दुरुस्तीला जाईन तिथे तुमची चिठ्ठी निघायची. मी त्या उतरवून घ्यायचे. एकीवर तुम्ही लिहिलंय, 'इथे खिळा ठोकाल तर माझी आठवण येईल.'"

बायको इतकी हसली की तिला स्टूल धरावं लागलं. मास्तरही हसले, पण त्यांना मधेच खोकला आला आणि ते उगाचच खिडकी उघडायला गेले.

मग शर्टाच्या बाह्या वर गेल्या. जुनी तिरकी वायर मास्तरांनी स्वतःच्या हाताने उपटली आणि तिच्या जागी सरळ लाइन टाकली. शॉवरची केबल मात्र ताईंच्या हुकमाने. मास्तर बोर्डापाशी ढकलायला, ताई नहाणीघराशी ओढायला. पाइपच्या वळणावर केबल अडली.

"जोर लावू का?" मास्तर.

"मुळीच नको. साबण लावा."

बायकोने भांडी घासायचा साबण आणून केबलला स्वतः चोळला. पुढच्या धक्क्याला केबल सुळकन बाहेर आली.

प्लास्टर वाळायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी ताईंनी जोडणी करून ब्रेकर दोनदा पाडून बघितला आणि त्या दुसऱ्या कामावर गेल्या. बायको टॉवेल घेऊन आत गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. आली तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं.

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"खांद्यावर गरम धार घेत उभी राहिले नुसती," ती म्हणाली. "आणि दोन्ही हात मोकळे."

कारागिराला हे कळायला हवं, म्हणून मास्तरांनी लगेच ताईंना फोन केला आणि बायकोचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं.

"आणि स्विचची उंची बरोबर आहे ना?" ताईंनी विचारलं.

"चार बोटं वर हवा होता."

"वहिनींना, की तुम्हाला?"

मास्तरांनी आरशापुढे केस विंचरत गुणगुणणाऱ्या बायकोकडे पाहिलं. "मला," ते म्हणाले.