वडिलांच्या निबमधलं इरिडियम

माझे वडील निफाडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी खिशातलं शाईपेन सुटलं नाही, आणि ते कुणाच्या हातात द्यायचं नाही हा नियमही. दुसऱ्याचा हात लागला की निबचं वळण मोडतं म्हणे! आईनं एकदा त्या पेनानं किराण्याची यादी लिहिली, तर घरात दोन दिवस अबोला.

दोन वर्षांपूर्वी आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. बाहेरून द्यायचे किरणांचे शेक तिनं बागेतली कामं उरकावीत तसे उरकले. पण मग डॉक्टर म्हणाले, आता आतून शेक द्यायचा, इरिडियम नावाच्या धातूनं. झालं, बाई अडून बसली.

"धातू आत ऱ्हायला तर नातीला मांडीवर कशी घेऊ? मला नाय करायचं."

त्याशिवाय उपचार अर्धवट, हे सांगून डॉक्टर थकले. मी तर चिडून रडलेच.

वडिलांनी दवाखान्याच्या बाकावरच वर्ग भरवला. "अगं, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तारेच्या टोकाला असतो. नळीतून जातो, काही मिनिटं थांबतो, परत येतो." मग इतिहास सुरू. प्लॅटिनम तेजाबात विरघळवलं की तळाशी काळा गाळ उरायचा, त्यात हे सापडलं. त्याच्या क्षारांचे रंग इतके, की इंद्रधनुष्यावरून नाव पडलं. खाणीतही प्लॅटिनमच्या सोबतीनंच मिळतं, तेही चिमूटभर.

"आणि हे बघ," त्यांनी पेन काढलं, "माझ्या निबच्या टोकाला तेच. इतकी वर्षं छातीशी बाळगतोय, मला काय झालं?" आणि पेन तिच्या हातात दिलं.

आईनं पेन उलटसुलट करून पाहिलं. मग संमतीपत्रावर सही केली, अशी दाबून की निब फाकली.

आई बरी झाली. नात आता मांडीवरून उतरत नाही. वडील मात्र त्या फाकलेल्या निबनंच लिहायचे, दुरुस्त करू देईनात. शेवटी गेल्या महिन्यात मीच न विचारता पेन मेन रोडच्या पेनवाल्याकडे नेलं. तो भिंगातून बघून हसला. "ताई, कसलं इरिडियम! नाव तेवढं राहिलंय. टोकाला कित्येक वर्षं दुसरेच धातू लावतात."

घरी येऊन मी वडिलांना धारेवर धरलं. "मला माहीत होतं," ते पुटपुटले. एका चुकीच्या सूत्रासाठी वही भिरकावणारा हा माणूस!

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बी ते खरं वाटलं नव्हतं. पन जन्मात कुनाला न दिलेलं पेन ह्यांनी आपल्या हातानं मला दिलं. म्हटलं, मानूस लय घाबरलाय. आता मरून चालायचं नाय."