केशरबाईंनी बाटली दिली नाही

केशरबाई वाटूरजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. गावातल्या बौद्ध वस्तीतून औरंगाबादला जाऊन नर्सिंग शिकलेल्या त्या पहिल्याच. माणसं त्यांना सिस्टरबाई म्हणत आणि त्यांच्या रागाला वचकून असत.

१९७६ च्या थंडीत दुर्गाबाई चार वर्षांच्या लेकीला, बेबीनंदाला, घेऊन आली. पोरीचा कान वाहत होता, अंग तापलं होतं. डॉक्टरांनी मान वर न करताच चिठ्ठी खरडली: अँपिसिलिनचं पातळ औषध, एक चमचा, दिवसातून चार वेळा. लहान असो की मोठं, प्रत्येक पोराला तोच एक चमचा. वजनकाटा कोपऱ्यात धूळ खात पडलेला.

केशरबाईंनी भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी ओतता ओतता विचारलं, "हिला आधी कोणत्या औषधानं त्रास झाल्ता का?"

"झाल्ता की, बाई. पोळ्याच्या टायमाला गळ्यासाठी पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्त्या. दोन गोळ्यांतच अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम घेता येईना. आत्ता साहेबाला सांगून राह्यले, तर म्हणले गप बस."

केशरबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बाटली घेऊन त्या तशाच आत शिरल्या.

"साहेब, ह्या पोरीला पेनिसिलिन चालत न्हाई."

"ते पेनिसिलिन होतं. हे अँपिसिलिन आहे. वाचता येतं ना?"

"दोन्ही एकाच कुळातली. पोरगी गुदमरली तर?"

"म्हणजे आता आम्ही तुमच्याकडून शिकायचं?"

त्या 'तुमच्या'त काय काय भरलंय, हे केशरबाईंना बराबर कळलं. शाळेत वेगळं बसवणारे गुरुजीही असंच बोलायचे. त्यांनी बाटली डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवली.

"शिकू नका. पण ही बाटली माझ्या हातून जाणार न्हाई. द्यायचीच तर तुम्ही स्वतः पाजा, अन् पोरीपाशी बसून राहा."

डॉक्टरांनी चिठ्ठी टराटरा फाडली, सल्फाचं, वेगळ्या कुळातलं औषध लिहिलं आणि नवा कागद टेबलावर भिरकावला.

बेबीनंदाचा कान आठ-दहा दिवसांत सुकला. केशरबाईंची मात्र महिन्याच्या आत कुंभार पिंपळगावकडे बदली झाली. कारण, उद्धट वर्तन. निघण्याआधी त्यांनी दुर्गाबाईकडून 'हिला पेनिसिलिन चालत न्हाई' हे दहा वेळा घोकून घेतलं. "कोणत्याबी दवाखान्यात पहिलं हे सांगायचं. मंग बाकीचं."

एसटीच्या टपावर ट्रंक चढवताना शिपाई भिवा हळूच म्हणाला, "बाई, माफी लिहून दिली असती तर बदली टळली असती."

"कशाची माफी?" केशरबाई इतक्या जोरात म्हणाल्या, की आख्ख्या स्टँडानं वळून पाहिलं.